खालून वर

भेटलेल्या माणसाच्या जोड्यांकडे आधी बघायची मला खोड आहे. समोरचा अवघडतो हे कळतं, तरी नजर आधी खाली जाते आणि मग हळूहळू वर चढते. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला वाटलं, सासूबाई लाजताहेत. लाजत कसली होते! त्याच्या एका जोड्याची नाडी काळी होती आणि दुसऱ्याची तपकिरी, ती बघत होते. ही खोड मला रावजींनी लावली आणि आता या वयात ती जायची नाही.

रावजी म्हणजे यशवंतराव बोरगावकर. ग्वाल्हेरला सरकारी समारंभांचं काम बघणाऱ्या आमच्या छोट्याशा कचेरीत ते दारावर असत. दारावर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भालदार येतो, म्हणून नीट सांगते. संध्याकाळच्या समारंभाला पुरुषांनी काय घालून यायचं हे ठरवायचं, निमंत्रणाच्या कार्डावर तशी ओळ घालायची, आणि त्या संध्याकाळी दारात उभं राहून आलेला प्रत्येक गृहस्थ त्या ओळीप्रमाणे आला आहे ना हे बघायचं, हे त्यांचं काम. त्यांचे वडील दरबारात हेच करत. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं रावजींना वाढवलं, पहिली पगडी स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि वडिलांच्या जागी दारावर आणून उभं केलं. पुढे संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला नांदू लागली. पण समारंभ कुणी बंद केले नाहीत, तेव्हा रावजीही दारावर राहिले.

मी त्या कचेरीत लागले ती अक्षरामुळे. कार्डांवर पाहुण्यांची नावं लिहायची. बावीस वर्षांची होते, घरीदारी सगळे मला कमल म्हणत. रावजींनी पहिल्या दिवशी 'कमलाबाई' म्हटलं आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. मला ते मुळीच आवडत नसे, एकदम पन्नाशी गाठल्यासारखं वाटे.

पहिल्याच आठवड्यात मी एका कार्डावर पाहुण्याचं नाव इतक्या थाटात लिहिलं, की त्यातल्या एका वेलांटीचा फराटा खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या ओळीवर गेला. रावजींनी ते कार्ड बाजूला काढलं. रागावले नाहीत, पण जीव घाबरल्यासारखा झाला त्यांचा.

"बात अशी आहे कमलाबाई," ते म्हणाले, "कार्ड हातात आलं की माणूस तारीख नाही बघत, जागा नाही बघत. आधी बायकोला विचारतो, मी काय घालू? त्याचं उत्तर या कोपऱ्यात आहे. हा कोपरा सांभाळा."

माणूस उंच, किरकोळ अंगाचा. चेहऱ्यावर सदा असा भाव, की घरी चुलीवर दूध ठेवून आलो आहे. त्यांच्या काळ्या बंद गळ्याच्या कोटाला आतून चार जादा खिसे शिवून घेतलेले होते. त्यांत टाचण्या, काळा आणि पांढरा दोरा ओवलेल्या सुया, गुंड्या, जोड्याच्या नाड्या, काळ्या मोज्यांचा एक जोड, बोटभर ब्रश आणि पांढऱ्या खडूचा तुकडा. खडू कशाला, तर पांढऱ्या विजारीवर चहाचा डाग पडला की त्यावर घासायला. ग्वाल्हेरातले कितीतरी नामांकित गृहस्थ जुन्या फोटोंत खडू लावून उभे आहेत, हे मला ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही.

त्यांचे नियम लेखी नव्हते, पण पक्के होते. संध्याकाळी कोट काळा; फिके रंग दिवसाचे. गुंड्या सगळ्या लागलेल्या, गळ्याची आधी. खिसे रिकामे, फुगलेला खिसा म्हणजे बाजाराला निघालेला माणूस. रुमाल दोन, एक दाखवायचा आणि एक वापरायचा, आणि त्यांची अदलाबदल करायची नाही. घड्याळ बाहीच्या आत, कारण वेळ बघितली की यजमानाला वाटतं, पाहुणा कंटाळला. जोडा करकरत असेल तर रावजी त्या गृहस्थाला बाजूला घेऊन तळाला तेलाचं बोट लावत. सगळ्याचं सार त्यांच्या मते एवढंच, की पोशाख असा हवा, घरी गेल्यावर तो कुणाला आठवू नये.

आणि तपासायचं खालून वर. "माणूस आरशात स्वतःला वरून खाली बघतो," ते सांगत, "म्हणून कंबरेपर्यंत ठीक असतो न, चुका खाली राहतात. आपण जोड्यापासून सुरू करायचं. डोकं शेवटी. डोक्यात गडबड कधी नसते."

समारंभाच्या दिवशी मात्र त्यांच्याकडे बघवत नसे. सकाळपासून पोटात काही नाही, नुसत्या लवंगा चघळायच्या. चार वाजल्यापासून दार ते फाटक अशा येरझाऱ्या. स्वतःच्या खिशात घड्याळ असून मला विचारायचं, तुमचं घड्याळ काय म्हणतं? खासगी बाजार नावाच्या पेठेत त्यांच्या घरी मी एकदा गेले होते, तेव्हा त्यांच्या पत्नी, माई, म्हणाल्या, समारंभाच्या आदल्या दिवशी यांना जेवायला वाढलं तरी हे आधी ताटाखाली बघतात. रावजी कसनुसे हसले आणि खरंच पाटाकडे बघू लागले.

मी त्यांना चिडवत असे. फार तर काय होईल रावजी, एखादा खाकी विजार घालून येईल, तर आभाळ कोसळणार आहे का? त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, कोसळणार नाही, पण तो माणूस ती संध्याकाळ जन्मभर विसरणार नाही. हे बोलणं मला तेव्हा मोठं वाटलं, खरं वाटलं नाही. खरं वाटलं ते मुरारच्या मास्तरांमुळे.

नव्या सरकारच्या काळात कार्डं पूर्वी ज्यांना कधी गेली नव्हती अशांना जाऊ लागली. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या मुरारहून एक वृद्ध मास्तर आले. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, म्हणून नाव यादीत. धोतर, तपकिरी चौकड्यांचा जुना कोट, टोपी. पायऱ्यांशी आले, आत जाणारे काळे कोट बघितले, आणि काही विसरल्यासारखं करून परत फिरले. रावजी दार सोडून कधी हलत नसत; त्या दिवशी भराभर पायऱ्या उतरले. मास्तर, जरा मदत पाहिजे, एकट्याच्यानं पेटीचं झाकण उघडत नाही, म्हणत त्यांना हाताला धरून दारामागच्या खोलीत घेऊन गेले.

त्या पेटीत तीन काळे कोट असत, आखूड, मधला आणि मामासाहेब. मामासाहेबात दोन माणसं मावली असती. पाचएक मिनिटांनी मास्तर बाहेर आले ते मधल्या कोटात, आणि संध्याकाळभर बड्या लोकांत मान वर करून उभे होते. दुसऱ्या दिवशी मास्तर तो कोट इस्त्री करून, पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीत आले. रावजींनी कोट घेऊन मुकाट्यानं पेटीत टाकला आणि म्हणाले, "कोट? कुठला कोट मास्तर? मला तर याद नाही."

मास्तर गेल्यावर मी विचारलं, असं का केलंत? रावजी म्हणाले, दारातून परत गेलेला माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगेल? त्या दिवसापासून मला कमलाबाई म्हटल्याचा राग आला नाही. मला ते आवडू लागले होते, हे आता सांगायला हरकत नाही. वडील नसलेल्या मुलीला एखादा वडीलधारा आवडावा तसे.

मग मध्य भारतही जाणार असं ठरलं. नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला. कचेऱ्यांतून एकच बोलणं, यादीत कोण? काहींना भोपाळला नेणार, काहींना इथंच दुसरीकडे लावणार, काहींना घरी बसवणार. समारंभाला कार्डं लिहिणारी मुलगी कुठंही खपते, पण दारावर माणूस कशाला हवा, हा प्रश्न कुणीही विचारला असता. रावजींना दुसरं काही येत नव्हतं. ते मला म्हणाले, कमलाबाई, मला टाइप शिकवाल का? पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाची लांब बोटं यंत्रावर एकेक अक्षर शोधताना बघून मला रडू येई.

यादी करायला बाहेरून एक मोठे अधिकारी येणार होते, सक्सेना साहेब. त्यांच्या स्वागताचा समारंभ आमच्याकडेच. वरून हुकूम आला, कार्डाच्या कोपऱ्यात फक्त 'राष्ट्रीय पोशाख' एवढंच घाला. रावजी दोन दिवस त्या दोन शब्दांकडे बघत बसले. मग घरी त्यांच्याकडे रांग लागली. राष्ट्रीय म्हणजे काय हो, असं ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातलं अर्धं गाव विचारायला आलं. रावजी सांगत, काळा बंद गळा, पांढरी विजार, काळा जोडा. आणि डोकं, असं कुणीच विचारलं नाही, आणि रावजींनीही सांगितलं नाही. डोकं झाकलेलंच असतं, ते काय सांगायचं!

आमच्या घरांतली रीत बाहेरच्यांना ठाऊक नसेल. बाजारात पोरं उघड्या डोक्यानं हिंडत, ते रावजींना दिसत होतं. पण चारचौघांच्या बैठकीत पुरुष उघड्या डोक्यानं आला, तर एकच अर्थ. त्याच्या घरी कुणीतरी गेलं आहे. अशा माणसाला अत्तर लावायचं नाही, गुलाबपाणी शिंपडायचं नाही, मोठ्यानं या-बसा करायचं नाही. बाजूच्या वाटेनं आणून निवांत बसवायचं. दरबारात असे प्रसंग येत आणि रावजी ते फार हळुवारपणे निभावत.

सक्सेना साहेब आले ते थेट स्टेशनावरून, जवळच्या पडाव भागातल्या विश्रामगृहात कपडे बदलून. एकटेच. काळा कोट, पांढरी विजार, जोडा उत्तम. रावजींची नजर खालून वर चढत गेली आणि डोक्याशी थांबली. केस बारीक कापलेले, मिशी नाही, डोळे प्रवासानं लाल, आणि डोकं उघडं. रावजींनी अत्तरवाल्याला डोळ्यानं थांबवलं. साहेबांचा हात हलकेच धरला, बाजूच्या दारानं आत नेलं आणि मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसवलं. ज्यांच्या स्वागताचा समारंभ, त्यांना! पुढची मोठी खुर्ची रिकामी. मी नावांची यादी घेऊन तिथंच उभी होते, पण पुढे होईपर्यंत उशीर झाला.

रावजी वाकून हळू आवाजात म्हणाले, "साहब, घर में कौन गुज़र गया?"

साहेबांनी वर बघितलं. "कोई नहीं। क्यों?"

तेवढ्यात दारातून इंदूरची तीन-चार तरुण अधिकारी मंडळी आली. सगळी उघड्या डोक्यानं, हसत. रावजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. एखादा पळून गेला असता, एखाद्यानं पाय धरले असते. रावजी सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, ग़लती हो गई। एक बार फिर से तशरीफ़ लाइए।"

आणि त्यांनी साहेबांना उठवलं, बाजूच्या दारानं बाहेर नेलं, वळसा घालून पुढच्या पायऱ्यांवर आणलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. गुलाबपाणी, अत्तर, हार, मोठी खुर्ची. साहेब सगळं करू देत होते. सगळी सभा बघत होती.

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले ते विचारू नका. यादी सूचनाफलकावर लागायची होती. रावजी त्या भिंतीसमोरून जातच नसत, मागच्या जिन्यानं येत. रोज सकाळी मला बघून यायला सांगत आणि मी परत येईपर्यंत उभेच राहत. टाइप करायचं त्यांनी सोडून दिलं. एकदा म्हणाले, थोरल्यांना काय तोंड दाखवू? त्यांनी उभं केलं होतं दारावर. थोरले भाऊ तेव्हा शिवपुरीला असत.

मग साहेबांचं बोलावणं आलं. रावजींनी त्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून विचारलं, बघा जरा. मी खालून वर बघितलं. सगळं ठीक होतं.

अर्ध्या तासानं परत आले ते आणखीच काळजीत. साहेबांनी त्या संध्याकाळबद्दल एक शब्दही काढला नव्हता. साहेब म्हणाले, भोपाळला चार ठिकाणचे लोक एकत्र येणार, प्रत्येकाचा पोशाख निराळा, दारावर जाणता माणूस लागेल. पण आधी एक कागद लिहून द्या, संध्याकाळच्या समारंभाला पुरुषांनी काय घालावं. सगळ्यांना एकच. कागद पटला तर यादीत नाव.

रावजी सांगत गेले आणि मी लिहीत गेले. जोडा, मोजे, विजार, कोट, गुंड्या, रुमाल, एका दुपारीत झालं. 'डोके' लिहून मी पुढे दोन टिंबं दिली आणि थांबले. चार दिवस ती जागा रिकामी. झाकलेले असावे म्हणावं, तर साहेबांनाच चूक ठरवलं आणि नोकरी गेली. उघडे चालेल म्हणावं, तर थोरल्यांच्या हातची पगडी गेली. पाचव्या दिवशी ते कचेरीत आले, बसलेसुद्धा नाहीत.

"लिहा," म्हणाले. "डोके ज्याचे त्याने ठरवावे. दारावरच्या माणसाने त्याबद्दल काही विचारू नये."

मी लिहिलं. टीपकागदही लावला नाही, शाई आपोआप सुकेपर्यंत दोघंही त्या ओळीकडे बघत राहिलो. पुढच्या आठवड्यात यादी लागली आणि तीत बोरगावकर हे नाव होतं. मी धावत जिना चढून सांगितलं. रावजी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, बरं झालं. मला त्यांचा विजय झाल्यासारखा आनंद झाला होता, त्यांना तसा झालेला दिसला नाही.

नंतर ते भोपाळला गेले आणि मी ग्वाल्हेरातच शाळेत लागले. आमची पुन्हा गाठ पडली नाही. शेवटचं बघितलं ते कचेरी हलायच्या आधीच्या निरोपाच्या समारंभात.

त्या संध्याकाळी मी आत नावांची यादी लावत होते. बाहेर पाहुणे येऊ लागले आणि दारात काही हसण्याचे आवाज आले. कुणीतरी म्हणत होतं, वा रावजी, शेवटी जमाना कबूल केलात तर! आणखी कुणी टाळी वाजवली. सक्सेना साहेबही आले, रावजींच्या खांद्यावर थाप मारून 'बहुत अच्छे' म्हणाले आणि आत गेले. रावजी प्रत्येकाला जी, जी म्हणत होते. मी खिडकीतून बघितलं, तर ते नेहमीसारखे दारात नव्हते, खालच्या पायरीच्याही खाली, मातीत उभे होते. अत्तरवाला त्यांच्याकडे वळला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

मी यादी टेबलावर टाकून खाली गेले. जोडा चकचकीत होता. मोजे ओढून बसवलेले. विजारीला डाग नाही. गुंड्या सगळ्या लागलेल्या, गळ्याचीसुद्धा. आणि वर पांढरे केस, कपाळावर पगडीचा जुना वळ, आणि डोकं उघडं. पाचपन्नास माणसं त्यांच्यासमोरून आत गेली होती आणि एकालाही काही विचारावंसं वाटलं नव्हतं. विचारू नये हे तर मीच माझ्या हातानं लिहून दिलं होतं.

"रावजी," मी म्हटलं, "घरात कोण गेलं?"

इतका वेळ सरळ उभा असलेला माणूस, पण त्याला ते कुणीतरी विचारायला हवं होतं.

"थोरले," ते म्हणाले. "दुपारी तार आली. सगळं उरकलं म्हणे सकाळीच. शिवपुरीची मोटार आता उद्या."

मग अशात तुम्ही इथं कशाला आलात, असं मी म्हणणार होते, तोवर त्यांनी पेटीची किल्ली माझ्यापुढे धरली. माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली. मधला कोट इस्त्री करून ठेवला आहे, म्हणाले. मामासाहेबाची एक गुंडी ढिली आहे. कुणी परत फिरताना दिसलं तर लक्ष ठेवा.

ते फाटकाकडे निघाले. समोरून उशिरा आलेल्या पाहुण्यांचा घोळका येत होता, सगळे काळ्या कोटात आणि उघड्या डोक्यांचे. रावजी त्यांना वाट द्यायला बाजूला सरले, मग त्यांच्यातून पुढे गेले. मी किल्ली उचलून पुन्हा बघितलं, तर इतक्या डोक्यांत त्यांचं कोणतं, ते मला ओळखता आलं नाही.